दुर्गाबाईंचे चित्रपट घरात कसे आले? (दीर्घ धागा)

१/ मराठी घरांत दुर्गा खोटे हे नाव उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या केसांची, प्रेमळ पण करारी आजी उभी राहते. ‘बॉबी’तली आजी, ‘अभिमान’मधली मावशी, ‘कर्ज’मधली मुलाची वाट पाहणारी आई. याच बाई चाळीस वर्षांपूर्वी पडद्यावर राणी होत्या, समुद्री बंडखोरांच्या नायिका होत्या, हे सांगावे लागते. असे का झाले? उत्तराचा मोठा भाग अभिनयाच्या इतिहासात सापडत नाही. तो फिती, कॅसेट आणि तबकड्यांच्या इतिहासात आहे. हा धागा त्याविषयी.

२/ प्रथम थोडी पार्श्वभूमी. जन्म १४ जानेवारी १९०५, मुंबई. माहेरचे आडनाव लाड. कॅथेड्रल शाळा आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिक्षण. लग्न खोटे या प्रतिष्ठित कुटुंबात. सासरची आर्थिक घडी विस्कटली, तेव्हा त्यांनी चित्रपटात काम पत्करले. त्या काळी ‘घरंदाज’ स्त्रीने पडद्यावर येणे हे कुळाला बट्टा लावणे मानले जाई. ‘फरेबी जाल’ (१९३१) या पहिल्या चित्रपटातील छोट्या भूमिकेवरूनच टीकेची झोड उठली.

३/ पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने त्यांना तारामतीची भूमिका दिली. चित्रपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२), दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे. संगीतही टेंब्यांचेच. मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या निघाल्या. त्या काळी दुसऱ्या भाषेसाठी आवाज बदलून भागत नसे, प्रसंग पुन्हा चित्रित करावे लागत. एका सुशिक्षित, घरंदाज बाईने पौराणिक राणीचे काम केले आणि टीकेचा सूर पालटला.

४/ त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’. स्त्रीराज्याची राणी, सोबतीला पाळीव चित्ता. १९३३ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी ‘राजरानी मीरा’, १९३४ साली देवकी बोस दिग्दर्शित ‘सीता’. रामाच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. १९३६ साली पुन्हा प्रभातमध्ये, आता पुण्यात, ‘अमर ज्योती’. त्यातली सौदामिनी ही अन्यायी राजसत्तेविरुद्ध उठलेली समुद्री बंडखोर. हाही चित्रपट व्हेनिसला गेला.

५/ सौदामिनीचे बंड कशातून जन्मते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आईचा आपल्या मुलावर कायद्याने हक्क नाही, असे तिला राज्याकडून ऐकवले जाते. तिथून ती शस्त्र उचलते. १९३६ साली हा प्रश्न हिंदी पडद्यावर एका मराठी अभिनेत्रीच्या तोंडून विचारला गेला. पुढल्या पिढ्यांनी दुर्गाबाईंना सोशिक आईच्या भूमिकांत पाहिले. तीच अभिनेत्री तरुणपणी मातृत्वाच्या हक्कासाठी तलवार घेऊन उभी राहिली होती, हे त्यांच्या नजरेआड राहिले.

६/ वळण फार लवकर आले. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (१९४१) मध्ये त्या सासू झाल्या, तेव्हा वय अवघे छत्तीस. ‘भरत भेट’ (१९४२) मध्ये कैकेयी. हे दोन्ही चित्रपट हिंदीतही निघाले आणि त्यांतील कामासाठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघटनेने त्यांचा गौरव केला. पण नायिकेचे युग तिथे ओसरले. १९६० साली ‘मुघल-ए-आझम’मध्ये त्या जोधाबाई होत्या आणि अकबर होते पृथ्वीराज कपूर. एकेकाळचे राम-सीता सव्वीस वर्षांनी बादशहा आणि बेगम म्हणून समोरासमोर आले.

७/ आता मूळ प्रश्नाकडे. १९५० पर्यंतचे चित्रपट नायट्रेट फितीवर असत. ही फीत अतिशय ज्वालाग्राही. दमट हवेत ती चिकट होते, मग भुकटी होते. शिवाय तिच्यात चांदी असते. चित्रपटाची कमाई संपली की अनेक निर्माते रिळे भंगारात काढत आणि त्यांतून चांदी वेगळी केली जाई. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले, त्यांतले जेमतेम तीसेक उरले. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) आज उपलब्ध नाही. म्हणूनच ‘अयोध्येचा राजा’ हा हयात असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय बोलपटांत गणला जातो.

८/ तो का वाचला? प्रभात १९५३ साली बंद पडली. पुढे संस्थापकांपैकी विष्णुपंत दामले यांचे पुत्र अनंतराव दामले यांनी प्रभातचे चित्रपट परत मिळवले आणि जपले. एका कुटुंबाने केलेला हा सांभाळ नसता, तर तारामती आज फक्त छायाचित्रांतच उरली असती. कलकत्त्याची कथा वेगळी आहे. न्यू थिएटर्समध्ये १९४० साली लागलेल्या आगीत बरेच मूळ चित्रपट नष्ट झाले.

९/ सरकारी पातळीवर जतनाला फार उशिरा सुरुवात झाली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली स्थापन झाले. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, वितरकांच्या कोठारांतून, भंगारवाल्यांकडून रिळे गोळा केली. तरीही दैव आडवे आलेच. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील नायट्रेट कोठाराला आग लागली आणि अनेक मौल्यवान मूळ प्रती जळाल्या, प्रभातच्याही. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर उतरवल्या होत्या, ते चित्रपट तेवढे तगले.

१०/ हे सारे घडत असताना चित्रपट घरात शिरले होते. १९८२ च्या एशियाड स्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हीसीआर. गल्लीबोळांत कॅसेट लायब्ऱ्या निघाल्या. दिवसाच्या भाड्याने यंत्र आणायचे आणि रात्रभरात तीन चित्रपट संपवायचे, ही त्या दशकाची रीत. दुकानदार कोणत्या कॅसेट ठेवणार? मागणी असलेल्या. म्हणजे ‘बॉबी’, ‘कर्ज’, ‘अभिमान’, ‘बावर्ची’, ‘बिदाई’. या प्रत्येक चित्रपटात दुर्गाबाई आहेत आणि प्रत्येकात त्या वयस्क आहेत.

११/ इथेच त्यांच्या कारकिर्दीचा क्रम उलटा झाला. चित्रपटगृहात त्यांना पाहणाऱ्या पिढीने आधी राणी पाहिली, मग आई, मग आजी. घरी पाहणाऱ्या पिढीने आधी आजी पाहिली आणि बहुतेकांनी तिथेच थांबून घेतले. ‘बिदाई’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, ते योग्यच होते. पण सहायक हेच त्यांचे कायमचे स्थान असावे, असा ग्रह त्यातून रुजला.

१२/ १९९० नंतर व्हीसीडी आली. यंत्र स्वस्त, तबकडी स्वस्त, त्यामुळे जुन्या चित्रपटांना पुन्हा बाजार मिळाला. पण व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे, म्हणजे एका चौकटीत लाखभर बिंदू. एका तबकडीत सुमारे ७४ मिनिटे मावत. ‘मुघल-ए-आझम’सारख्या तीन तासांहून लांब चित्रपटाला तीन तबकड्या लागत आणि प्रसंग ऐन रंगात येताच तबकडी बदलायला उठावे लागे. डीव्हीडीत ७२० बाय ५७६ बिंदू, म्हणजे चौपट तपशील.

१३/ कृष्णधवल चित्रपटाला हा फरक विशेष बाधतो. रंग नसतात, तेव्हा सारा अर्थ करड्या छटांवर उभा असतो. मूळ फितीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत असंख्य पायऱ्या असतात. निकृष्ट प्रतीवरून कॅसेट, कॅसेटवरून पुन्हा तबकडी, अशा नकलेच्या नकलेत त्या पायऱ्या पुसल्या जातात. चेहरा पांढरा फटक, डोळ्यांच्या जागी काळे डाग. मग प्रेक्षक म्हणतो, ‘जुना अभिनय भडक होता’. खरे तर सूक्ष्म भाव नकलेतच हरवलेले असतात.

१४/ आवाजाचेही तसेच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडील पाल पद्धतीच्या व्हिडिओत २५ चौकटी असतात. सरळ उतरवले तर चित्रपट चार टक्के वेगाने पळतो, शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि स्वर थोडा चढतो. १९३२ साली पार्श्वगायन नव्हते. नटनटी कॅमेऱ्यापुढे स्वतः गात. म्हणजे तारामतीचे गाणे हा दुर्गाबाईंचा स्वतःचा आवाज आहे आणि अशा तबकडीवर तो मुळाहून थोडा उंच ऐकू येतो.

१५/ यातून एक व्यावहारिक सूचना निघते. जुन्या चित्रपटाची तबकडी नोंदलेल्या वेळेपेक्षा चारेक टक्के लहान निघाली, तर लगेच ‘कापाकापी झाली’ असे समजू नये. त्याहून अधिक तूट असेल तर मात्र संशय घ्यावा. बहुधा गाणी गेलेली असतात किंवा एखादे रीळच नसते.

१६/ दुसरी सूचना चौकटीविषयी. त्या काळच्या चित्रपटांची चौकट जुन्या दूरचित्रवाणीसारखी, साधारण चारास तीन. आजचे पडदे सोळास नऊ. यंत्र चित्र ताणून पडदा भरते आणि चेहरे रुंद, ठेंगणे दिसतात. दुर्गाबाईंची उंच, ताठ अंगलट हे त्यांच्या राणीपणाचे मोठे भांडवल होते. ताणलेल्या चित्रात नेमके तेच नाहीसे होते. यंत्रात चारास तीन ही निवड करावी. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर बिघडत नाही.

१७/ कायद्याचाही भाग आहे. भारतात चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती, १९९२ च्या दुरुस्तीने ती वाढली. म्हणजे तिसाव्या दशकातले चित्रपट आज सर्वांसाठी खुले आहेत. याचा लाभ असा की ते पसरतात. तोटा असा की हाताला लागेल ती प्रत कोणीही छापतो, कोपऱ्यात आपले चिन्ह डकवतो आणि मूळ प्रतीवर खर्च करण्याचे कोणालाच कारण उरत नाही.

१८/ उलट उदाहरण ‘मुघल-ए-आझम’चे. मूळ चित्रपट बहुतांशी कृष्णधवल, शीशमहालातले नृत्य आणि शेवटचा काही भाग रंगीत. २००४ साली तो संपूर्ण रंगवून, ध्वनी नव्याने साधून, लांबी कमी करून प्रदर्शित झाला आणि खूप चालला. त्यामुळे नव्या पिढीला जोधाबाई भेटल्या, हे खरेच. पण मुळात रंग अचानक उजळतो तो क्षण, अनारकलीने दरबारात दिलेल्या आव्हानाचा क्षण, सगळेच रंगीत झाल्यावर इतरांसारखाच होऊन बसतो. मिळेल तिथे जुनी आवृत्तीही पाहावी.

१९/ यात एक विलक्षण योग आहे. घरातल्या पडद्याचे बळ दुर्गाबाईंनी स्वतः फार आधी ओळखले होते. १९३७ च्या ‘साथी’पासून त्या निर्मितीत होत्या. पुढे त्यांनी लघुपट आणि जाहिरातपटांची संस्था उभारली. १९८८ साली दूरदर्शनवर गाजलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाला घराघरांत पोहोचवणारी संस्था तारामतीची होती, हे किती प्रेक्षकांना ठाऊक होते?

२०/ १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. देविकाराणी, सुलोचना (रूबी मायर्स) आणि काननदेवी यांच्यानंतर तो मिळवणाऱ्या त्या चौथ्या स्त्री. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत आहे, शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेले. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. तबकड्यांचे युग त्यांनी पाहिले नाही.

२१/ ज्यांना त्यांचे काम घरी पाहायचे असेल, त्यांनी शक्यतो क्रमाने पाहावे. ‘अयोध्येचा राजा’, मग ‘अमर ज्योती’, मग ‘मुघल-ए-आझम’ आणि शेवटी ‘बॉबी’ किंवा ‘बिदाई’. या क्रमात एक गोष्ट जाणवते. आजीच्या भूमिकेतला तो करारी स्वर, मान किंचित वर करून बोलण्याची ती ढब उतारवयात आलेली नाही. ती राणीकडूनच चालत आलेली आहे.

२२/ एखाद्या कलावंताचे स्मरण तिच्या गुणांवर ठरते, असे आपण मानतो. प्रत्यक्षात ते कोणते रीळ जळाले, कोणते चांदीसाठी विकले गेले, कोणत्या घराने जपले आणि कोणती कॅसेट दुकानदाराने फळीवर ठेवली, यावरही ठरते. आपल्या घरी, नात्यात कुणाकडे जुन्या मराठी चित्रपटांच्या कॅसेट किंवा तबकड्या असतील, तर त्या टाकून देण्यापूर्वी चित्रपटाचे नाव, लांबी आणि प्रकाशनवर्ष पाहावे. एखाद्या चित्रपटाची तीच अधिक पूर्ण प्रत असू शकते. पुण्यातल्या संग्रहालयाकडे चौकशी करायला फारसे कष्ट पडत नाहीत.

धागा समाप्त. दुर्गाबाईंचा आपण पाहिलेला सर्वांत जुना चित्रपट कोणता, आणि तो कशावर पाहिलात, चित्रपटगृहात, दूरदर्शनवर, कॅसेटवर की तबकडीवर, ते खाली अवश्य लिहावे.