डाव सोडण्याचा हक्क : मद्रास ते आवडी

हातातून निसटत चाललेला खेळ शेवटपर्यंत रेटावा की मध्येच सोडून द्यावा, हा प्रश्न आज बहुधा व्हिडिओ गेमच्या संदर्भात विचारला जातो; परंतु त्याचा इतिहास संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि तो शोधण्यासाठी चेन्नईच्या पश्चिमेकडील आवडी व तिथपर्यंत जाणारा चेन्नई–तिरुवळ्ळूर रस्ता यांच्याइतका उपयुक्त मुलूख भारतात क्वचितच सापडेल. याच रस्त्यावरील पाडी या उपनगरात आर. वैशाली आणि आर. प्रज्ञानंद ही बुद्धिबळपटू भावंडे वाढली आणि तिथून जवळच असलेल्या मोगप्पैर येथील वेलम्माल शाळेचे प्रज्ञानंद व डी. गुकेश हे विद्यार्थी. ज्या खेळाने या परिसराला जगभर नाव दिले, त्या खेळात हार मानण्याची एक रीतसर पद्धत आहे : मात होण्याची वाट न पाहता खेळाडू पराभव मान्य करतो, घड्याळ थांबवतो आणि प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करतो. मराठीत याला डाव सोडणे म्हणतात. हा रिवाज वरवर किरकोळ दिसत असला, तरी तो रुजायला काळ लागला, आणि यंत्राशी खेळण्याच्या काळात तो जवळजवळ नाहीसा झाला, हे लक्षात घेतल्याशिवाय आजच्या खेळाडूची अडचण नीट समजत नाही.

भारतात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरोघरी खेळले जाणारे बुद्धिबळ देशी नियमांचे होते. या खेळावर संस्कृतात लिहिणाऱ्यांमध्ये पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ हा सतराव्या शतकातील धर्मशास्त्रकार महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या भगवंतभास्कर या ग्रंथाच्या नीतिमयूख या भागात बुद्धिबळाचे विवरण येते. देशी पद्धतीत विजयाच्याही प्रती होत्या. एका बाजूची सगळी मोहरी मारली जाऊन पटावर राजा एकटाच उरला, तर त्या अवस्थेला बुर्जी म्हणत आणि ती पूर्ण जीत न मानता अर्धी मानत. उलट साध्या प्याद्याने दिलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही विशेष मानाची समजली जाई. या प्रतवारीचा परिणाम उघड आहे. जिंकणाऱ्याला केवळ जिंकायचे नसे, कसे जिंकायचे तेही ठरवायचे असे. त्यामुळे हरणाऱ्यालाही शेवटपर्यंत बसून राहण्यास कारण होते, कारण प्यादेमात टाळून साध्या मातेवर किंवा बुर्जीवर डाव नेणे हेही त्याच्या बाजूने काही मिळवणेच होते. अशा खेळात मध्येच उठून जाणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हातची अर्धी शोभा काढून घेणे ठरले असते.

देशी आणि युरोपीय नियमांच्या संगमावर दक्षिणेतील माणसे फार लवकर उभी राहिली. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी आपल्या मूळ संस्कृत रचनेचे इंग्रजी रूपांतर 1814 मध्ये मुंबईत प्रसिद्ध केले, ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले होते आणि त्यात प्रामुख्याने डावातील बिकट स्थिती, म्हणजे ज्यांतून मात काढून दाखवायची अशा मांडण्या होत्या. त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1829 मध्ये, मद्रासमध्ये घुलाम कासिम आणि मुलकी सेवेतील जेम्स कॉक्रन यांचे एक पुस्तक निघाले, ज्यात म्युझिओ गँबिट या सुरुवातीचे विश्लेषण आणि मद्रास व हैदराबाद यांच्यात पत्राने खेळल्या गेलेल्या दोन डावांची हकीकत होती. मद्रासच्या बाजूची सूत्रे घुलाम कासिम यांच्याकडे होती. पत्राने खेळताना एकेका चालीला दिवसच्या दिवस लागतात, आणि त्यामुळे ज्याचा निकाल दोन्ही बाजूंना कळून चुकला आहे असा डाव पुढे ओढणे निरर्थक होते. युरोपीय नियमांत मात कशीही झाली तरी जीत एकच असल्यामुळे डाव सोडणाऱ्याकडून कोणाचे काही हिरावले जात नव्हते. डाव सोडणे शिष्टाचार ठरण्यामागे मनाचे औदार्य जेवढे आहे तेवढाच नियमांतील हा फरकही आहे.

स्वातंत्र्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांचा खेळ देशभर संघटित झाला. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 1955 मध्ये आंध्रातील एलुरू येथे झाली आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या यांनी ती संयुक्तपणे जिंकली. पुढची दोन दशके मात्र मद्रासच्या मॅन्युएल आरन यांची होती. आरन यांनी 1960 च्या लाइपझिग ऑलिंपियाडमध्ये माजी जगज्जेते माक्स ऑयवे यांना हरवले, 1961 मध्ये ते भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले, आणि राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी एकूण नऊ वेळा मिळवले.

आवडीचा इतिहास या टप्प्यावर बुद्धिबळाच्या इतिहासाला एका अनपेक्षित बाजूने येऊन भिडतो. दुसऱ्या महायुद्धात लष्करी तळ म्हणून वाढलेले हे गाव 1955 च्या जानेवारीत उच्छंगराय ढेबर यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस अधिवेशनामुळे देशाला माहीत झाले, कारण समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव तिथे संमत झाला. त्यानंतर इथे अवजड वाहनांचा कारखाना उभा राहिला, 1965 मध्ये त्यातून विजयंता हा रणगाडा बाहेर पडला, आणि 1980 च्या दशकात सोव्हिएत परवान्याखाली टी-72 रणगाडे, म्हणजे भारतीय नावाने अजेय, इथे बनू लागले. ज्या भारत–सोव्हिएत मैत्रीतून हे रणगाडे आले, त्याच मैत्रीतून मद्रास शहरातील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात 1972 मध्ये माजी जगज्जेत्याच्या नावाने मिखाईल ताल बुद्धिबळ क्लब सुरू झाला. रणगाड्यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. त्या क्लबातल्या खोलीने या शहराला जे दिले त्याचे मोल मात्र लष्करी करारांच्या जमाखर्चात कुठेच धरले जात नाही.

लहानपणी विश्वनाथन आनंद या क्लबात जलद डाव खेळत असे. तिथली रीत अशी होती की जिंकणारा पटावर बसून राहायचा आणि हरणारा उठून रांगेच्या शेवटी जायचा. या रीतीत डाव सोडण्याचा अर्थ व्यवहारी होता : हरलेल्या डावात घालवलेले प्रत्येक मिनिट रांगेत मागे उभ्या असलेल्या मुलाचे होते, आणि लवकर उठणाऱ्याचा नंबरही लवकर परत लागत होता. हार मान्य करणे आणि पुन्हा खेळायला बसणे यांत अंतर फारसे नव्हते. मद्रासच्या त्या पिढीला पराभवाची भीती कमी वाटली असेल, तर त्याचे श्रेय या रांगेला द्यावे लागेल.

आनंदच्या कारकिर्दीतच डाव सोडण्याची दोन टोके दिसतात. ग्रँडमास्टर होऊन काही महिनेच झाले असताना, 1988 मध्ये स्वित्झर्लंडमधील बील येथे कोलंबियाच्या आलोन्सो झापाताविरुद्ध त्याने सहाव्या चालीला डाव सोडला. पाचव्या चालीला त्याने काळा उंट एफ5 या घरात नेला, कारण आदल्या वर्षीच्या माइल्स आणि ख्रिश्चनसेन यांच्या डावात तीच चाल छापून आलेली होती. परंतु झापाताने वजीर ई2 वर आणताच ई4 वरचा काळा घोडा जखडला गेला, कारण त्याच्या मागे त्याच स्तंभात काळा राजा उघडा होता. घोड्याला हलता येईना, आणि प्याद्याने आधार दिला तरी पांढरे प्यादे डी3 वर येऊन त्याला टिपणार होते. एक मोहरे फुकट जाणार हे स्पष्ट होताच आनंद उठला. दुसरे टोक चेन्नईतलेच आहे. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये मॅग्नस कार्लसनविरुद्धच्या जागतिक अजिंक्यपद लढतीच्या नवव्या डावात मागे पडलेल्या आनंदने सर्वस्व पणाला लावून राजावर हल्ला चढवला; काळ्याचे प्यादे शेवटच्या पट्टीवर पोहोचून वजीर झाले व त्याने शह दिला, तेव्हा उंट मागे घेण्याऐवजी आनंदने घोडा एफ1 वर घेतला, आणि कार्लसनने नवा वजीर ई1 वर नेताच त्या एका चालीने हल्ला संपला. आनंदने तत्क्षणी डाव सोडला. आपल्याच शहरातील प्रेक्षकांसमोर, जगज्जेतेपद हातातून जात असताना, त्याने एक चालही लांबवली नाही. या रिवाजाचे याहून स्वच्छ उदाहरण भारतीय खेळाच्या इतिहासात सापडणे कठीण आहे.

तथापि डाव सोडणे म्हणजे नेहमीच योग्य निर्णय असे नाही. 1902 मध्ये माँटे कार्लो येथे गेऑर्ग मार्को याने फॉन पोपिएलविरुद्ध डाव सोडला, आणि नंतर लक्षात आले की उंटाच्या एका चालीने तो स्वतःच जिंकत होता. 1997 च्या मे महिन्यात गॅरी कास्पारोव्हने आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाविरुद्ध दुसरा डाव सोडला, आणि लवकरच विश्लेषकांनी दाखवून दिले की सतत शह देत राहून त्याला बरोबरी साधता आली असती. या दोन चुकांत एक भेद आहे. मार्कोसमोर माणूस होता. कास्पारोव्हसमोर यंत्र होते, आणि यंत्राने सगळे पाहिलेच असणार या समजुतीने त्याने स्वतःचे पाहणे लवकर थांबवले. उलट 12 डिसेंबर 2024 रोजी सिंगापूर येथे जागतिक अजिंक्यपद लढतीच्या चौदाव्या डावात गुकेशने एका जादा प्याद्याच्या बळावर, सर्वांना बरोबरीचा वाटणारा शेवट खेळत ठेवला. पंचावन्नाव्या चालीला प्रतिस्पर्धी डिंग लिरेनने हत्ती चुकीच्या घरात आणला, गुकेशने मारामारी करून उरलेला शेवट जिंकता येईल असा केला, आणि अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला.

ज्याला आज आपण व्हिडिओ गेम म्हणतो, त्यात प्रतिस्पर्धी बहुधा यंत्राच्या आतच असतो, आणि हार स्वीकारायला समोर कोणी नसते; हाच तो तुटलेला धागा आहे. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या काळात खेळ सोडण्याचा प्रश्न पैशाशी जोडलेला होता : खेळ जितका कठीण तितकी नाणी अधिक, आणि हरल्यावर पडद्यावर उलटी मोजणी सुरू होऊन पुढे खेळायचे असल्यास नाणे टाका असे सांगितले जाई, म्हणजे निर्णयासाठी काही सेकंदच मिळत. 1985 चा घोस्ट्स अँड गॉब्लिन्स हा खेळ पूर्ण केल्यावर तोच पुन्हा पहिल्यापासून खेळायला लावी आणि दुसऱ्यांदा पार केल्यावरच खरा शेवट दाखवी. जपानमध्ये 1986 मध्ये निघालेला सुपर मारिओ ब्रदर्सचा दुसरा भाग इतका कठीण होता की तो अमेरिकेत त्या वेळी विकला गेला नाही. कठीणपणा हा इथे खेळाचा गुण होता, पण त्याला मर्यादा घालणारी रीत कोणतीच नव्हती.

ती रीत नव्याने बांधण्याचे प्रयत्न पुढे झाले. 2009 मध्ये वी या यंत्रासाठी आलेल्या मारिओच्या खेळात एकाच टप्प्यावर आठ वेळा मरणाऱ्याला तो टप्पा संगणकाकडून खेळवून घेण्याची मुभा मिळू लागली. 2018 च्या सेलेस्ट या खेळात वेग कमी करण्याची व न मरण्याची सोय खेळाडूच्या हाती दिली गेली, आणि ती घेतल्याबद्दल त्याला हिणवले गेले नाही. संघाने खेळायच्या लीग ऑफ लेजंड्समध्ये शरण जाण्यासाठी संघातील खेळाडूंचे मतदान होते, म्हणजे हार मानणे पुन्हा सामूहिक आणि नियमबद्ध झाले. संगणकावरील खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानाने 2015 पासून असा नियम केला की घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास खेळ परत करून पैसे मिळतील. हा नियम व्यापारी असला तरी त्याने खेळाडूला एक मुदत दिली, आणि मुदत असली की माणूस विचार करतो. मुदत उलटल्यावर मात्र भरलेले पैसे आणि गेलेल्या रात्री हेच पुढे खेळण्याचे कारण बनते. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्चाचा मोह म्हणतात, म्हणजे परत न मिळणाऱ्या खर्चाकडे पाहून पुढचा खर्च करणे. बुद्धिबळाच्या पटावर हा मोह फार टिकत नाही, कारण समोरचा माणूस आणि चालते घड्याळ दोघेही त्याला टिकू देत नाहीत.

पैशाच्या खेळांत हा मोह इतका घातक ठरला की तमिळनाडूत राज्यसंस्थेला मध्ये पडावे लागले. 2022 च्या कायद्याखाली राज्याने ऑनलाइन खेळांसाठी प्राधिकरण नेमले, आणि त्याच्या 2025 च्या नियमांनी पैसे लावून खेळायच्या खेळांना मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत बंदी घातली, तसेच तासाभराहून अधिक वेळ खेळणाऱ्याला दर अर्ध्या तासाने इशारा दाखवणे बंधनकारक केले. मद्रास उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये हे नियम उचलून धरले, आणि ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्याने असे खेळच देशभर निषिद्ध ठरवले. साधा, पैसे न लावता खेळला जाणारा गेम या बंदीच्या कक्षेत नाही आणि नसावाही. पण प्रतिस्पर्ध्याने जे काम शतकभर मुकाट्याने केले, ते इथे सरकारी इशाऱ्याला करावे लागले, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

बुद्धिबळ शिकवणारे नवशिक्या मुलांना डाव सोडू नका, मात होईपर्यंत खेळा, असे बजावतात, आणि त्यामागचे कारण पक्के आहे : समोरचाही नवशिकाच असतो, तो चुकतो, आणि हरलेला राजा कोंडला जाऊन डाव बरोबरीत सुटू शकतो. डाव सोडण्याचा हक्क मुलाला पुढे, शेवट ओळखता येऊ लागल्यावर मिळतो. व्हिडिओ गेममध्ये हा क्रम उलटा आहे, कारण पहिल्या तासातच, खेळाचा आवाका कळण्याआधी, त्याला एकट्याने ठरवावे लागते; आणि म्हणून आवडी किंवा पाडीतील एखादा मुलगा पटावर चिवट आणि पडद्यासमोर उतावीळ दिसला, तर दोष त्याच्या स्वभावात शोधण्यापूर्वी त्या दोन खेळांनी त्याला सोबत कोणाची दिली आहे हे पाहणे अधिक न्यायाचे ठरेल.