वेशीची बंदी आणि सरकारची सक्ती : वाशीममधील साथींचा इतिहास

वाशीमच्या परिसरात सरकारी सक्ती यायच्या कितीतरी आधीपासून गावाची स्वतःची सक्ती होती. घरात कुणाला देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे, फोडणी बंद होई आणि परका माणूस उंबऱ्याबाहेरूनच परते. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडत. गाड्याने पटकी थांबत नसे, कारण ती पाण्यातून येई आणि विहीर तीच राही. डहाळ्याने मात्र रोग्याचे घर खरोखरच वेगळे पडे. त्यामागे देवीचा धाक होता, वैद्यकीय विचार नव्हता. पण नियम गावाचा असल्याने तो मोडायला कुणी धजत नसे.

१८५३ च्या तहाने निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि पुढे वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. इंग्रजी दप्तरात त्याचे नाव ‘बासिम’. मुलूख नावापुरता निजामाचाच राहिल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे आपोआप लागू होत नसत, वेगळ्या हुकुमाने लागू करावे लागत. गावकऱ्यांना सरकारी वैद्यक प्रथम दिसले ते देव्या काढणाऱ्या ‘देवी डॉक्टर’च्या रूपाने. सुरुवातीच्या पद्धतीत एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याला टोचत. आपल्या लेकराच्या दंडातून दुसऱ्यासाठी लस काढू द्यायला आया तयार नसत, आणि त्यात अडाणीपणापेक्षा ममता अधिक होती. पुढे वासराची लस आली आणि हा विरोध बराच ओसरला.

शतक संपताना जिल्हा खचलेला होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या रोगांनी असा घाला घातला, की १८९१ मध्ये ३,९८,१८१ असलेली लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत ३,५३,४१० वर आली. याच काळात मुंबई इलाख्यातून प्लेगच्या बातम्या येत होत्या.

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग उघडकीस आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. चार कलमांच्या या कायद्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याने घरझडतीला गोरे सोजीर लावले. ते देवघरात आणि माजघरात शिरले, बायाबापड्यांची तपासणी झाली, सामान रस्त्यावर आले. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. १८९८ मध्ये सिन्नरला आणि मुंबईत दंगे झाले. सक्तीचा परिणाम उलटाच झाला : लोक रोगी लपवू लागले, मेलेल्यांना गुपचूप पुरू लागले आणि गावे सोडून पळताना रोगही बरोबर नेऊ लागले. सरकारला हे कळले, पण माणसे गमावल्यावर. पुढच्या काही वर्षांत सक्तीचे विलगीकरण सैल झाले आणि गाव मोकळे करण्यावर भर आला.

विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडात प्लेग फैलावला, तेव्हा धोरण असे निवळलेले होते. गाव सोडणे इथल्या माणसाला नवे नव्हते. आढ्यावरून उंदीर पडून मरू लागले की माणसे शेतात जाऊन पऱ्हाट्यांचे आणि तुराट्यांचे कूड उभारत. बंजारा तांड्यांना तर नायकाच्या शब्दावर मुक्काम हलवण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. अडचण होती ती मागे राहिलेल्या घराची. पेवातले धान्य, गोठ्यातली जनावरे, रात्रीची चोरी यांची काळजी माणसाला गावात ओढून आणी. रिकाम्या गावावर रात्री खात्रीचा पहारा असणे हे म्हणूनच कुठल्याही शिक्षेपेक्षा उपयोगी होते.

१९१८ च्या मानमोडीपुढे, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीपुढे, सक्तीही चालली नाही आणि उपायही. मध्य प्रांत-वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता.

वाशीम १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाला. मार्च २०२० मध्ये राज्याने कोरोनासाठी आधार घेतला तो त्याच १८९७ च्या कायद्याचा. गावांनी मात्र आपली जुनी रीत काढली. अनेक ठिकाणी रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकून वेस बंद झाली. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. ही घरझडती पुण्यातल्या झडतीहून पार वेगळी होती. दारात आशाताई उभी, हातात तापमापक आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर. ती त्याच गावची सून, घरातल्या म्हातारीचा दमा तिला आधीच ठाऊक. तिला घरात शिरण्याची गरजच नव्हती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकांच्या विश्वासाची परीक्षा झाली. रिसोड तालुक्यातल्या देगाव येथील निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित आढळले आणि परिसर प्रतिबंधित झाला. त्याच आठवड्यात, गर्दीच्या कार्यक्रमांवर बंदी असताना, २३ तारखेला मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला एका मंत्र्याच्या आगमनासाठी हजारो लोक जमले. नंतर गुन्हे दाखल झाले, पण लग्नात मोजकीच माणसे बोलावून नियम पाळलेल्या कुटुंबांना जे दिसायचे ते दिसून गेले होते. सत्तेतल्या माणसाला सैल असलेली बंदी गरिबाला जाचक वाटणारच, आणि दोष त्या गरिबाचा नव्हे.

कोरोनाच्या लसीची सक्ती कायद्याने झाली नाही. नोव्हेंबर २०२१ पासून ‘हर घर दस्तक’ मोहिमेत आरोग्य कर्मचारी उरलेल्या घरांपर्यंत गेले. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकते.