वेरूळची राणी



येरमाळ्यात आपण वाढलो तेव्हा विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ. आवाज आला की आपण वर्गाबाहेर धावायचो. विज्ञानाचे सर रागवायचे नाहीत. परत आलो की फळ्यावर पंखाचा छेद काढून हवा त्याला कशी उचलते ते सांगायचे. मी इंजिनिअर झाले त्यात त्या फळ्याचा वाटा आहे, म्हणून आज विमानांबद्दलच लिहिते.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं मुंबईत होते. तिथे आपली पहिली विमानवाहू नौका, आयएनएस विक्रांत, संग्रहालय म्हणून उभी होती. ती ४ मार्च १९६१ रोजी नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बझार, चितगाव इथे हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. ‘पुढच्या रविवारी जाऊ’ म्हणता म्हणता माझी वर्षं गेली. २०१२ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. जपण्याचा खर्च कुणालाच पेलला नाही. बातमी वाचली त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

नौका गेली, पण त्या जातीची विमानं उरली आहेत. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय १९९८ पासून आहे. या वेळी रविवारची वाट न बघता मुलीला घेऊन गेले. सी हॉकच्या शेपटाखालचा आकडा दाखवून तिने विचारलं, “आई, हा कशाला?” नौकेची धावपट्टी आखूड, म्हणून उतरताना हा आकडा आडव्या तारेत अडकतो आणि विमान थांबतं, हे तिला सांगितलं. पुस्तकातलं चित्र दाखवून हा प्रश्न सुचला नसता. जवळच सी हॅरियर, हेलिकॉप्टरसारखं उभं उतरू शकणारं. ते नौदलातून २०१६ मध्ये निवृत्त झालं.

आणि अंगणात चार इंजिनांचं, तीन शेपटांचं भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन. ते मूळचं एअर इंडियाचं, नाव ‘रानी ऑफ एलोरा’. म्हणजे आपली वेरूळची राणी! प्रवासी नेणारं हे विमान पुढे हवाई दलात आणि मग नौदलात गेलं. आपली सहल एसटीने वेरूळला गेली होती, आठवतं? कैलास लेणं कळसाकडून पायाकडे कोरत आणलं, हे तिथेच कळलं होतं.

पण लेणं दगडाचं, विमान अॅल्युमिनियमचं. समुद्राची खारी हवा आणि पावसाळा त्याला आतून खातात. उघड्यावरचं विमान टिकवायचं तर धुणं, गंज काढणं, रंग देणं दरवर्षीच आलं. नुसतं उभं करून ठेवलं म्हणजे जपलं असं होत नाही.

आपल्या सरांनी पुठ्ठ्याचं विमान केलं होतं, ते आता कुणाकडेच नाही. पण जुने फोटो, वह्या, प्रयोगशाळेतलं एखादं भिंग कुणाच्या तरी ट्रंकेत असेलच. स्नेहमेळाव्याला येताना घेऊन या. शाळेत एक काचेचं कपाट करू, प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावू आणि दरवर्षी येडाईच्या यात्रेला गावी आलो की पाळीपाळीने पुसू. पहिली पाळी माझी.