हलकी भिंत: मिरजेचा भोपळा आणि बीबीसीची पेटी

मिरजेचे कारागीर एकोणिसाव्या शतकापासून तंबोऱ्यासाठी वाळवलेला भोपळा निवडत आले आहेत. तारांचे कंपन घोडीवरून तबलीत आणि भोपळ्यात उतरते; हलकी भिंत सहज थरथरते, नाद भरतो. ध्वनिवर्धकाच्या पेटीचे कार्य उलटे: तिने मौन पाळायचे असते. म्हणून जाड, जड लाकूडच उत्तम, असा समज रूढ होता. बीबीसीच्या संशोधन विभागातील हारवुड व मॅथ्यूज यांनी १९७७च्या अहवालात त्याला छेद दिला. जाड भिंतीचे कंपन शमवणे कठीण. शिवाय तिचा अनुनाद कानाला अधिक जाणवणाऱ्या वरच्या स्वरांकडे सरकतो. पातळ प्लायवूडला आतून कंपनशोषक थर दिल्यास पेटीचा स्वतःचा आवाज अधिक दबतो. अर्थात, केवळ वजन पाहून साहित्य निवडता येत नाही. त्यातील कंपन जपायचे की शमवायचे, हे आधी ठरवावे लागते.