एम्माचे पत्र

लक्ष्मीपूजनाला घरची मंडळी पाटाभोवती जमली, की एखादा काका हळूच उठून ओटीवर जाऊन बसतो. मुलांबरोबर तो फटाके उडवील, प्रसादही घेईल; हात मात्र जोडणार नाही. 'तो नास्तिक आहे' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. त्याच्या मनात काय चालले असेल, हे विचारायचे कुणाला सुचत नाही.

चार्ल्स डार्विनने मात्र आपल्या मनाची ही हकीकत लिहून ठेवली आहे. माणूस आणि माकड यांचे नाते जोडणारा म्हणून आपण त्याला धर्माचा वैरी समजतो. पण केंब्रिजला हा गृहस्थ शिकायला गेला होता तो पाद्री होण्यासाठी! १८३१ साली 'बीगल' जहाजावर चढला तेव्हाही तो इतका भाविक होता, की नीतीच्या कुठल्याशा प्रश्नावर त्याने बायबलचा दाखला दिला आणि जहाजावरचे अधिकारी त्याला हसले. पुढे ही श्रद्धा विरत गेली. ती इतकी सावकाश गेली, की जाताना दुखले असे काही नाही, असे त्याने उतारवयात लिहिले.

दुखले ते दुसरीकडे. १८३९ साली त्याचे लग्न एम्मा वेजवुडशी झाले. ही त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हणजे आपल्याकडेही पुष्कळ घरांत पसंत पडावे असेच स्थळ. मनातल्या शंका बायकोला कळू देऊ नकोस, असे वडिलांनी बजावले होते. ते डॉक्टर होते. नवऱ्याच्या परलोकाच्या काळजीने झुरणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. पण चार्ल्सच्याने लपवणे झाले नाही.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी एम्माने त्याला पत्र लिहिले. एकाच घरात राहणाऱ्या नवऱ्याला पत्र! समोर बसून बोलायचा धीर झाला नसावा. पत्रात भांडण नाही. सिद्ध झाल्याशिवाय काही मानायचे नाही ही शास्त्रातली सवय, जे सिद्ध करताच येत नाही तिथेही तुम्ही लावत नाही ना, अशी भीत भीत काढलेली शंका आहे. आणि आपण दोघे कायमची एकमेकांची नाही असे वाटले तर मला फार दुःख होईल, हेही आहे. कायमची म्हणजे मरणानंतरसुद्धा.

१८५१च्या एप्रिलमध्ये त्यांची दहा वर्षांची अ‍ॅनी माल्व्हर्न गावी वारली. चार्ल्स तिच्या उशाशी होता. एम्माचे दिवस भरत आले होते म्हणून ती घरी. दफनालाही न थांबता तो एम्माकडे परतला. अ‍ॅनीबरोबर त्याची उरलीसुरली श्रद्धा गेली असे काही चरित्रकार म्हणतात. मला ते जरा नाटकी वाटते. आत्मचरित्रात त्याने तसे म्हटलेले नाही. पण एम्माला आपली पोर पुन्हा भेटेल ही आशा होती आणि त्याला नव्हती. एका घरात हे दोन शोक कसे नांदले असतील?

नांदले खरे. रविवारी मंडळी चर्चमध्ये जात, तेव्हा हा गावात फेरी मारी. गावच्या पाद्रीशी त्याची दोस्ती होती आणि गोरगरिबांच्या कोळसा-कपड्यांच्या फंडाचा तो खजिनदार होता. रात्री नवराबायको बॅकगॅमनचे दोन डाव टाकीत. १८७६ साली त्याने हिशेब दिला आहे: एम्माचे डाव २,४९०, आपले २,७९५! देव गेल्याची हळहळ त्याने फारशी केली नाही. कविता आणि शेक्सपिअर वाचवेनासे झाले, याची मात्र त्याला खंत होती.

१८८२ साली तो वारला आणि त्याला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरले. एम्मा तिथे गेली नाही. १८८७ साली आत्मचरित्र छापले गेले ते काही मजकूर गाळून. न मानणाऱ्यांना कायमचा नरक, या शिकवणीवर तो कडाडून बोलला होता. तशाने आपले वडील, भाऊ आणि बहुतेक मित्र नरकातच जायचे, असे त्याचे म्हणणे. ते छापू नये, ही एम्माची इच्छा. गाळलेला मजकूर त्यांच्या नातीने, नोरा बार्लोने, १९५८ साली परत छापला.

एम्माचे ते जुने पत्र चार्ल्सने जन्मभर जपले होते. या कागदाला आपण कितीदा ओठ लावले आणि कितीदा त्यावर रडलो, हे आपल्या मागे तिला कळावे म्हणून त्याने त्यावरच लिहून ठेवले होते.