द्यूरकेम, एमील
(१५ एप्रिल १८५८–१५ नोव्हेंबर १९१७). धर्म व शिक्षण यांना समाजशास्त्राच्या कक्षेत आणणारा फ्रेंच विचारवंत. लॉरेन प्रांतातील एपिनाल येथे, ज्यू धर्मगुरूंच्या पिढीजात घराण्यात जन्म. १८८७ मध्ये बोर्दो विद्यापीठात सामाजिक शास्त्र व अध्यापनशास्त्र या विषयांसाठी त्याची नेमणूक झाली. १९०२ मध्ये तो सॉर्बोनला गेला; तेथील अध्यासन मुळात शिक्षणशास्त्राचे असून समाजशास्त्राचे नाव त्यास १९१३ मध्ये जोडले गेले.

फ्रान्समधील सरकारी शाळा चर्चच्या हुकमतीतून मुक्त होत असता, ईश्वराज्ञेचा आधार काढून घेतल्यावर मुलांच्या ठायी कर्तव्यबुद्धी कशी रुजवावी, हा प्रश्न त्याने जिव्हाळ्याचा मानला आणि शिस्त, समूहनिष्ठा व विवेकाने स्वीकारलेली स्वायत्तता ही नीतीची तीन अंगे भावी शिक्षकांपुढे मांडली. धार्मिक जीवनाच्या मूलरूपांवरील १९१२ च्या ग्रंथात मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या ‘चुरिंगा’चे सविस्तर विवेचन आहे: कुलचिन्ह कोरलेला हा लाकडाचा वा दगडाचा तुकडा दीक्षा न झालेल्यांच्या दृष्टीसही पडू देत नसत, त्याचे पावित्र्य द्रव्यात नसून चिन्हात आहे, आणि त्या चिन्हाच्या द्वारे समूह आपल्याच सामर्थ्याला वंदन करतो, हा त्याचा सिद्धान्त. तो स्वतः ऑस्ट्रेलियात न जाता इतरांच्या वृत्तांतांवर विसंबला, हा आक्षेप रास्त होय. तथापि पवित्र आणि लौकिक यांतील त्याने दाखविलेला भेद धर्माच्या अभ्यासकास आजही टाळता येत नाही.

पहिल्या महायुद्धात पुत्र आंद्रे मरण पावल्याने तो खचला व पॅरिस येथे निवर्तला. नैतिक शिक्षणावरील त्याची व्याख्याने १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.