गोळी आणि तिचा साचा

हमरापूरचे नाव घेतले की गणपतीच्या मूर्ती आठवतात. पेण तालुक्यातल्या या गावी साच्याचे काम जाणणारे हात पुष्कळ. त्यांतल्या कुणालाही विचारा, साच्यातली खोट मूर्तीत उतरतेच. आज आपणांस सांगायची आहे तीही एका साच्याचीच हकीकत. पण तो साचा बंदुकीच्या गोळीचा.

जुन्या तोड्याच्या बंदुकीची गोळी घरी ओतता येई. शिसे ३२७ अंशांवर वितळते, म्हणजे लोखंडी पळी नि विस्तव एवढ्यावर भागते. सांडशीसारखा दोन पाळ्यांचा साचा मिटायचा, रस ओतायचा, गोठला की उघडायचा आणि वरची शेपटी छाटायची. झाली गोळी! बंदुका हातघडणीच्या, एकीची नळी दुसरीसारखी नाही. म्हणून गोळी ज्या त्या नळीच्या मापाची हवी. 'बारा बोअर' हा शब्द आपण ऐकलाच असेल. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. मिलिमीटरांत हे माप सुमारे साडेअठरा भरते.

नेम साधतो की चुकतो, ते पुष्कळसे या बसण्यावर आहे. इंग्रजी पलटणींच्या 'ब्राउन बेस' बंदुकीची नळी पाऊण इंचाची, तर गोळी सुमारे ०.६९ इंचाची. भरायला सोपी खरी, पण ती नळीत इकडेतिकडे आपटत जाई. पुढे नळीत पिळाच्या खाचा आल्या. त्या खाचांत गोळी घट्ट बसून फिरली पाहिजे, आणि घट्ट गोळी सरकायची तर वंगण हवे. १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीच्या कागदी काडतुसाला चरबी लागली ती यासाठी. १८५७ साली त्या चरबीवरून काय भडका उडाला, हे आपण जाणताच.

१८७३ साली अमेरिकेत विंचेस्टर कंपनीने आपली प्रसिद्ध बंदूक काढली. चापाखालचा दांडा खाली-वर केला की रिकामे पितळी नळकांडे बाहेर पडे नि नवे काडतूस आत जाई. ते नळकांडे पुन्हा भरता येई, आणि त्यासाठी लागणारा साचा नि अवजारे कंपनीच विकी. दूरच्या वस्तीवरचा माणूस घरीच गोळ्या ओतू लागला. त्यात त्याला जुनाच धडा गिरवावा लागला. नुसते शिसे मऊ, त्याचा थर नळीला बसतो. म्हणून थोडे कथील मिसळायचे. गोळी नळीहून केसभर मोठी ठेवायची, नाहीतर दारूचा तापलेला वायू बाजूने निसटून तिला चाटून जातो. मेण-चरबीचे वंगण खाचांत भरायचे. आणि टोक चपटे हवे बरं का! कारण नळीखालच्या कोठीत काडतुसे एकामागे एक असतात. मागच्याचे टोक पुढच्याच्या टोपीला टेकते. टोक अणकुचीदार असले तर धक्क्यासरशी कोठीतच बार व्हायचा.

आपल्याकडे नेमके याच सुमारास उलटे घडत होते. १८६९ साली खडकीस दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला. १८७८ साली हत्यारांचा कायदा आला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे आणि दारूगोळा बनविणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सवलती होत्या. हमरापुराहून कर्नाळ्यावरून पनवेलकडे जाताना शिरढोण लागते. तिथे १८४५ साली जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ साली सरकारविरुद्ध बंड उभारले. त्याच वर्षी ते पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारले.

त्यांच्या पराभवाची कारणे अनेक. पण बदललेला काळ ध्यानात घ्या. तोड्याच्या बंदुकीला शिसे नि दारू मिळाली की चूल हाच कारखाना होता. पितळी काडतुसाच्या बंदुकीमागे खरा कारखाना लागतो, आणि तो सरकारच्या हाती होता. स्वतंत्र भारतातही, १९५९ च्या कायद्याने, काडतूस बनवायला परवाना लागतो. तो कायदा आपल्याच संसदेने केलेला आहे, हा फरक मोठा. पूर्वी मात्र बंदूक काढून घेण्याबरोबर साचाही काढून घेतला गेला होता. इतिहास वाचताना तलवारी आणि तोफा आपण मोजतो. त्यांना पुरवठा करणारे हात कुणाचे, हेही विचारत जावे.